अजिंक्यतारा किल्ल्याच्या चढावर धावताना धाप लागते? आधी श्वास सोडायला शीक

पहिल्याच वळणावर धाप लागते, म्हणून फुफ्फुसं कमकुवत आहेत असं लगेच समजू नकोस. बहुतेक वेळा सुरुवातच फार जोरात झालेली असते.

फुफ्फुसांना स्वतःहून फुगता येत नाही. ते काम मुख्यतः छातीखालचा श्वासपटल हा स्नायू करतो. तो खाली सरकला की पोट पुढे येतं आणि हवा आत येते. नवखे खांदे उचलून वरच्यावर श्वास घेतात; माझ्या मते हीच सगळ्यात मोठी चूक. रात्री उताणा झोपून पोटावर हात ठेव. हात वर-खाली होतोय का बघ. पाच मिनिटं पुरे.

दुसरं, श्वास पूर्ण सोड. श्वासाची घाई करायला लावण्यात कार्बन डायऑक्साइडचा वाटा मोठा, आणि तो बाहेर जातो उच्छ्वासानेच.

पहिला महिना एवढंच:
- बोलता येईल इतक्याच वेगाने चढ. वाक्य तुटलं की चालायला लाग.
- सपाटीवर नाकाने श्वास घे. साताऱ्याची पहाटेची गार हवा नाकातच ऊबदार, ओलसर होते. उभ्या चढाला तोंड उघडलंस तरी चालेल.

छातीत दुखलं किंवा श्वासात शिट्टीसारखा आवाज आला, तर थांब आणि डॉक्टरांना दाखव. यवतेश्वरच्या घाटाचं नंतर बोलू.