वाकड्या भिंतींचं वेड आणि बारावीनंतरचा रस्ता

ताई, तुमचं पत्र वाचलं. लेक बारावी सायन्सला, घर सिंहगड रोडला, तिला मल्टिप्लेक्स आणि गेमिंग झोनची इंटिरिअर्स करायचीत आणि तीही तिरक्या भिंती, तुटून लोंबकळल्यासारखं सीलिंग असली, आणि बाबांचं म्हणणं ही सगळी इन्स्टाची फॅडं, गपचूप इंजिनिअरिंग कर. बाबांना सांगा हे फॅड जुनं आहे हो, १९८८ ला न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या म्युझियममध्ये डीकन्स्ट्रक्टिव्हिस्ट आर्किटेक्चरचं, म्हणजे अशाच मुद्दाम तिरक्या, तुटल्यासारख्या दिसणाऱ्या इमारतींचं, प्रदर्शन झालंय, त्यात फ्रँक गेरी, झाहा हदीद असे आर्किटेक्ट होते.

पण लेकीला एक विचारा, तिला फोटोत दिसतं ते आवडतं का ते उभं कसं राहतं ते? गेरीचा लॉस एंजेलिसचा डिस्ने कॉन्सर्ट हॉल (२००३) बाहेरून चुरगळलेल्या पत्र्यासारखा, आत मात्र प्रेक्षागृह बऱ्यापैकी सिमेट्रिकल, लाकडाचं, कारण तिथे आवाजाचं गणित चालतं, यासुहिसा तोयोता या अकूस्टिक्सवाल्याने १:१० चं मॉडेल करून आवाज तपासला होता. आणि बाहेरच्या चकचकीत स्टीलवरून ऊन शेजारच्या फ्लॅट्समध्ये जायला लागलं म्हणून नंतर ते घासून मॅट करावं लागलं! आपल्याकडे तर पब्लिक जागा म्हटली की फायरचे नियम आलेच, भिंत हवी तेवढी वाकडी करा पण धूर झाला तर हजारभर माणसांना एक्झिट सापडला पाहिजे.

म्हणून माझं मत बी.आर्क.कडे, म्हणजे आर्किटेक्चरच्या डिग्रीकडे झुकतं. पाच वर्षं लागतात, नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा किंवा जेईईचा पेपर २ द्यावा लागतो, पण स्ट्रक्चर कळतं आणि कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं रजिस्ट्रेशन मिळतं. तिला फक्त आतली सजावट, लायटिंग, फर्निचर यातच रस असेल तर चार वर्षांचं इंटिरिअरचं बी.डेस. (डिझाइनची डिग्री) बास आहे, उगाच पाच वर्षं कशाला. सुरुवातीला कुठल्याही ऑफिसात टॉयलेटची आणि फॉल्स सीलिंगची ड्रॉइंग्ज काढायला लागतील हे तिला आत्ताच सांगून ठेवा, पगारही आयटीवाल्या दादासारखा नसेल.

या सुट्टीत तिला बालगंधर्वला एखाद्या नाटकाला पाठवा, लॉबी आणि जिन्याचं स्केच अंदाजे मापांसकट काढायला सांगा, मग माउंटबोर्डचं, म्हणजे जाड पुठ्ठ्याचं मॉडेल करून त्यातली एकच भिंत तिरकी करायची आणि बघायचं की मध्यंतरात चहाची रांग आणि बाहेर पडणारी गर्दी एकमेकांना कुठे अडतायत. तीनचार संध्याकाळी ती यात रमली तर बाबांशी मी बोलते.