व्हिसावर असताना अमेरिकेतल्या राज्याच्या विधेयकांवर बोलून काही फरक पडतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहात, मत देता येत नाही. राज्याच्या विधिमंडळात मतदानाचे हक्क, भेदभाव अशा विषयांवर विधेयकं येतात, तेव्हा आपलं कोण ऐकणार, आणि ऐकवायचं तर नेमकं कुठे?

ऐकतात. पण कधी आणि कोण ऐकतं हे माहीत नसेल तर सगळी धडपड वाया जाते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी वॉशिंग्टन राज्यात, सिअ‍ॅटलजवळ राहते. इथलं नागरिकत्व मला फार उशिरा मिळालं. ऑलिंपियाला, म्हणजे राज्याच्या राजधानीत, सुनावण्यांना मी त्याच्या कितीतरी आधीपासून जाते आहे. त्यामुळे पुढचं बरंचसं या राज्याबद्दलचं आहे.

विधेयकं सभागृहातल्या मतदानात फार क्वचित पडतात. ती मरतात समितीत. इथलं अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी सुरू होतं. विषम वर्षी १०५ दिवस, सम वर्षी फक्त ६०. एवढ्या दिवसांत शेकडो विधेयकं यायची आणि प्रत्येक टप्प्याला ठरलेली तारीख. त्या तारखेच्या आत समितीने पुढे पाठवलं नाही, तर त्या वर्षापुरता विषय संपला. कुठलं विधेयक सुनावणीला घ्यायचं हे समितीचे अध्यक्ष ठरवतात. त्यांनी घेतलंच नाही, तर कुणाला विरोधात हातही वर करावा लागत नाही. समितीतून सुटलं आणि खर्चाचा प्रश्न असला, की अर्थविषयक समिती. तिथून रूल्स कमिटी, म्हणजे सभागृहात मतदानाला काय न्यायचं ते ठरवणारी समिती, आणि तिथे तर कुणाचाही उघड विरोध नसलेली विधेयकं गुपचूप पडून राहतात.

म्हणजे बातम्यांत विधेयक गाजायला लागतं तोवर आपली वेळ बहुधा निघून गेलेली असते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यांत अध्यक्षांना ‘याची सुनावणी लावा’ असं लिहिणं आणि सुनावणीच्या दिवशी हजर राहणं, हे मार्चमधल्या शंभर फोनांपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

एक उदाहरण देते, कारण मी त्यात होते. याकिमा हे आमच्या राज्यातलं सफरचंदांच्या बागांचं गाव. लोकसंख्येत लॅटिनो, म्हणजे मूळचे लॅटिन अमेरिकेतले, लोक ४० टक्क्यांच्या आसपास, पण तिथल्या नगर परिषदेवर एकही लॅटिनो कधी निवडून आलेला नव्हता. कारण निवडणुकीच्या रचनेतच होतं: सातही जागांवर अंतिम मतदान अख्ख्या शहराचं. मी सोलापूरची. तिथे नगरसेवक प्रभागातून निवडून येतात, म्हणून एखाद्या वस्तीला आपला माणूस पाठवता येतो. उद्या सगळे नगरसेवक अख्ख्या शहराच्या मतांनी निवडायचे ठरवलं, तर जो समाज शहरात अर्ध्यापेक्षा कमी आहे त्याला एकही जागा न मिळण्याची सोय आपोआप होते. कुणाचं नाव यादीतून कापावं लागत नाही. याकिमात हेच चाललं होतं. लोक फेडरल, म्हणजे केंद्राच्या, न्यायालयात गेले, २०१४ मध्ये न्यायालयाने ही पद्धत बेकायदा ठरवली, आणि प्रभागनिहाय मतदान झाल्यावर २०१५ मध्ये तीन लॅटिनो स्त्रिया एकदम निवडून आल्या.

पण प्रत्येक गावाने फेडरल न्यायालयात वर्षानुवर्षं भांडायचं का? म्हणून राज्याचा स्वतःचा मतदान हक्क कायदा हवा, ही मागणी होती. विधेयक पुन्हा पुन्हा यायचं, हाऊसमधून, म्हणजे खालच्या सभागृहातून, निघायचं आणि सिनेटमध्ये, वरच्या सभागृहात, अडकायचं. नोव्हेंबर २०१७ मध्ये आमच्या भागातल्या ४५ व्या मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. भारतात जन्मलेल्या मनका धिंग्रा निवडून आल्या आणि त्या एका जागेने सिनेटमधलं बहुमत पालटलं. हे मुद्दाम सांगते, कारण ‘नुसत्या साक्षींनी कायदे होतात’ असा तुमचा समज मला करून द्यायचा नाही. खुर्चीवर कोण बसलंय यावर फार काही अवलंबून असतं. मात्र संधी आली तेव्हा विधेयक तयार होतं, त्याच्यामागची माणसं तयार होती, कारण मधल्या सगळ्या वर्षांत त्यांनी येणं थांबवलं नव्हतं.

२०१८ च्या जानेवारीत मी सुनावणीला गेले. दालनात आमदार अर्धवर्तुळात बसतात, समोर एक टेबल, टेबलावर माइक. तिघाचौघांची नावं एकदम पुकारतात, तुम्ही जाऊन बसता, नाव सांगता, विधेयकाला पाठिंबा की विरोध ते सांगता आणि बोलता. अध्यक्षांनी आधीच बजावलं होतं, प्रत्येकी एक मिनिट. माझ्या शेजारी याकिमा खोऱ्यातून आलेली एक बाई होती. पहाटे निघून, डोंगरातला घाट ओलांडून आली होती. जानेवारीत त्या घाटात बर्फ असतं. तिने कायद्याबद्दल एक शब्द काढला नाही. तिच्या गल्लीत दिवे नाहीत, मुलं अंधारातून शाळेच्या बसला जातात, आणि ही तक्रार कुणाकडे न्यायची तर परिषदेवरचा एकही माणूस त्या बाजूला राहत नाही, एवढंच ती बोलली. मोबाइलमध्ये बघत बसलेले एक सदस्य मान वर करून ऐकायला लागले आणि गल्ली नेमकी कुठली ते त्यांनी विचारलं. मी सोलापूरच्या प्रभागांचं सांगितलं. मी नागरिक नाही हेही सांगितलं. कुणी हरकत घेतली नाही.

१९ मार्च २०१८ ला गव्हर्नर जे इन्स्ली यांनी त्या विधेयकावर सही केली. आता एखाद्या गावाच्या निवडणूक पद्धतीने एखाद्या समाजाचं मत निष्प्रभ होत असेल, तर आधी नोटीस देता येते आणि चूक सुधारायला मुदत मिळते. न्यायालय त्याच्या नंतर. या कायद्याला आव्हान दिलं गेलं, पण २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने उचलून धरला.

दुसरं उदाहरण एचबी १०७८ या विधेयकाचं. तुरुंगातून सुटलेली, पण अजून देखरेखीखाली असलेली माणसं इथे मत देऊ शकत नसत. कर भरायचे, नोकरी करायची, मुलांना शाळेत सोडायचं, मत मात्र नाही. २०२१ मध्ये हे विधेयक मांडलं टॅरा सिमन्स यांनी. त्या स्वतः तुरुंगात शिक्षा भोगून आलेल्या, नंतर कायदा शिकलेल्या. वकिलीच्या परीक्षेला बसू द्यावं म्हणून त्यांना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं होतं, आणि २०२० मध्ये त्या निवडून आल्या. महामारीमुळे त्या वर्षी सगळ्या सुनावण्या झूमवर होत्या, त्यामुळे एरवी ऑलिंपियाचा प्रवास परवडला नसता अशी माणसं घरून बोलली. कायदा १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला: तुरुंगातून बाहेर पाऊल टाकलं की मताचा हक्क परत. सुनावणीला दूरवरून बोलण्याची सोय महामारीनंतरही राहिली, हे मला त्या काळातलं सर्वांत चांगलं देणं वाटतं.

आता तुम्ही काय करायचं ते. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की तुमचा मतदारसंघ कळतो. इथे प्रत्येक मतदारसंघाचा एक सिनेटर आणि दोन प्रतिनिधी असतात. पत्रात पहिल्याच ओळीत ‘मी तुमच्या मतदारसंघात राहते’ असं लिहा. हे खोटं नाही आणि उपकार मागणंही नाही. मतदारसंघ आखताना लोकसंख्या मोजतात, त्यात व्हिसावाल्यांनाही मोजतात. तुमच्या डोक्याचा हिशेब धरूनच ती जागा तयार झालेली असते. सुनावणी लागली की संकेतस्थळावरच पाठिंबा, विरोध किंवा इतर यापैकी एक निवडून नाव नोंदवता येतं. बोलायचं असेल तर तेही तिथेच कळवायचं, सुनावणीच्या तासभर आधीपर्यंत. लेखी म्हणणं सुनावणी सुरू झाल्यापासून २४ तासांपर्यंत देता येतं.

नुसती नावं नोंदवण्यावर मात्र विसंबू नका. वादाच्या विधेयकावर दोन्ही बाजूंनी हजारोंनी नावं पडतात आणि सदस्यांना ते पाठ झालेलं असतं. संस्थेने पाठवलेला तयार मजकूर जसाच्या तसा चिकटवलेली पत्रंही एका गठ्ठ्यात जातात. त्यापेक्षा स्वतःची एक गोष्ट, विधेयकातलं एक कलम आणि त्या दोघांचा संबंध, एवढं एका मिनिटात बसवा. घरी मोठ्याने वाचून वेळ लावा. विधेयकाचा क्रमांक सुरुवातीला, मागणी शेवटी. ‘लोकशाही धोक्यात आहे’ हे वाक्य खरं असलं तरी तिथे त्याने काही हलत नाही.

आपल्याला हे परकं वाटू नये. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे लेखी निवेदन ठेवलं आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणून सांगितलं. १९१९ च्या जानेवारीत मुंबईत बाबासाहेब आंबेडकरांनी साउथबरो समितीपुढे मताधिकारावर साक्ष दिली. ज्यांच्यासाठी ते बोलत होते त्यांच्यातल्या जवळजवळ कुणाकडेच तेव्हा मत नव्हतं. मत मिळायच्या आधी मताबद्दल बोलावं लागतं, हे आपल्याकडच्या माणसांनी केव्हाच करून ठेवलं आहे. वाईट याचं वाटतं की आज महाराष्ट्रात सामान्य माणसाला विधेयकावर समितीपुढे उभं राहून बोलायची संधी फारशी मिळत नाही. जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेलं तेव्हा लोकांनी १२ हजारांहून जास्त सूचना लेखी पाठवल्या आणि २०२५ च्या जुलैत ते मंजूर झालं. एवढे लोक लिहितात, म्हणजे बोलायची इच्छा आहे. टेबल आणि माइक नाही.

सामाजिक न्यायाचं म्हणाल तर जातीचा विषय इथेही आला आहे, आणि त्यात आपण गप्प बसू नये असं मला मनापासून वाटतं. २१ फेब्रुवारी २०२३ ला सिअ‍ॅटलच्या नगर परिषदेने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, सहा विरुद्ध एक मतांनी. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात अशाच बंदीचं एसबी ४०३ हे राज्याचं विधेयक दोन्ही सभागृहांतून गेलं. गव्हर्नर न्यूसम यांनी ७ ऑक्टोबरला ते नामंजूर केलं, कारण दिलं की आधीचे कायदे पुरेसे आहेत. दोन्ही ठिकाणी बाजूने आणि विरोधात बोलणारे मोठ्या संख्येने भारतीयच होते. निर्णय घेणाऱ्यांना जात इथे कशी चालते हे कळायचं ते आपल्यासारख्यांच्याच तोंडून. ऑफिसात आडनाव विचारून, मग गाव विचारून, मग ‘घरी काय खाता’ विचारून जो अंदाज घेतला जातो, तो अमेरिकन आमदाराला कागदावरून समजत नाही.

आता सावधगिरी. समितीपुढे दिलेली साक्ष सार्वजनिक असते, तिचं चित्रण वर्षानुवर्षं इंटरनेटवर राहतं, आमदाराला लिहिलेली पत्रंही मागितली तर उघड होऊ शकतात. बोलायचा हक्क राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने नागरिक नसलेल्यांनाही आहे, पण सध्या व्हिसावरच्या माणसाला भीती वाटणं मी समजू शकते. ग्रीन कार्डचा किंवा व्हिसाचा अर्ज नाजूक अवस्थेत असेल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. निवडणूक प्रचाराला पैसे देऊ नका; ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी नागरिकाला ते कायद्याने मना आहे. विनामोबदला स्वयंसेवक म्हणून काम करता येतं.

आणि ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवर ‘मतदार म्हणून नोंदणी करायची का’ असं विचारतात, तिथे चुकूनही हो म्हणू नका, समोरच्याने फॉर्म पुढे सरकवला तरी. नागरिक नसताना नोंदणी किंवा मतदान केलं, नागरिक असल्याचं खोटं सांगितलं, तर हद्दपारीपर्यंत गोष्ट जाते आणि ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून भागत नाही.

तुम्ही कुठल्या राज्यात आहात ते प्रश्नात नाही, आणि पद्धती फार वेगळ्या असतात. टेक्सासचं नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदाच, १४० दिवसांचं. शिवाय गव्हर्नर विशेष अधिवेशन बोलावू शकतात. २०२१ च्या जुलैत तशाच अधिवेशनात मतदानाच्या नियमांवर सुनावणी लागली, तेव्हा लोक आपली पाळी येईपर्यंत रात्रभर थांबले होते. कॅलिफोर्नियात बहुधा प्रत्येक बाजूचे एकदोन मुख्य साक्षीदारच सविस्तर बोलतात. बाकीच्यांनी माइकवर येऊन नाव, संस्था आणि बाजू एवढंच सांगायचं. राज्य कळवलंत तर तिथल्या तारखा आणि नोंदणीचं पान कुठे सापडेल ते खाली प्रतिसादात लिहीन.