सामरी अंधारात का बुडाला?

प्रश्न : १९८०च्या दशकाच्या अखेरीस पंचवटीतील आमच्या वाड्यात गणपतीच्या दिवसांत व्हीसीआर आणि तीन कॅसेटी एका रात्रीच्या भाड्याने आणल्या जात. त्यांतच रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ हा सामरी राक्षसाचा भयपट पाहिला आणि त्यानंतर कित्येक दिवस रात्री एकट्याने अंगणात गेलो नाही. अलीकडे रविवार कारंजाजवळ जुन्या सामानात त्याची दोन तबकड्यांची व्हीसीडी मिळाली, म्हणून ती मुलाला दाखवली. तो पोट धरून हसला. मलाही भीती वाटली नाही, कारण रात्रीच्या प्रसंगांत काही दिसतच नव्हते. शिवाय वेष्टनावर छापलेल्या वेळेपेक्षा चित्रपट पाच-सहा मिनिटे कमी भरला. विक्रेत्याने कापलेली प्रत दिली, चित्रपटच सुमार होता, की माझे वय झाले?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : विक्रेत्यावरचा आळ आधी दूर करू. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम) चित्रित होतो, तर आपल्याकडील ‘पाल’ पद्धतीच्या व्हिडिओत सेकंदाला २५ चौकटी असतात. चित्रफीत व्हिडिओवर उतरवताना ती सरळ २५च्या वेगाने पळवण्याचा रिवाज असल्यामुळे अडीच तासांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो. एकही दृश्य न कापता सहा मिनिटे जातात आणि पात्रांचे आवाजही किंचित चढ्या पट्टीत ऐकू येतात. एखादे वाक्य अर्ध्यावर तुटत असेल, तर मात्र ती झिजलेल्या प्रिंटची करणी समजावी. रिळांची टोके हाताळून खराब झाली, की तेवढा तुकडा काढून सांधा मारला जात असे.

अंधाराचे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. तुलसी आणि श्याम रामसे यांनी १९८४ साली दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचे छायाचित्रण त्यांचेच बंधू गंगू रामसे यांचे आहे. हाताशी पैसा बेताचा असल्याने भयाचा बराचसा भार त्यांनी प्रकाशावर टाकला. धुक्यातून येणारा निळा उजेड, भिंतीवर मध्येच उमटणारा लाल किंवा हिरवा झोत आणि त्याच्या कडेला अर्धवट दिसणारा चेहरा, असा तो सगळा डाव आहे. व्हीसीडीच्या एका चौकटीत मात्र जेमतेम एक लाख बिंदू (३५२ गुणिले २८८) मावतात आणि तेही इतके दाबून बसवलेले असतात, की काळोखाच्या छटा एकमेकींत मिसळून नुसते काळे चौकोन उरतात. ब्ल्यू-रे या अधिक स्पष्ट चित्राच्या तबकडीच्या चौकटीत हेच बिंदू वीस लाखांहून अधिक असतात. म्हणजे आपल्या चिरंजीवांनी जे पाहिले, त्यात रामसेंची कथा आणि संवाद होते, परंतु त्यांचे खरे बलस्थान नव्हते. केवळ कथेवर हा चित्रपट कोणी तोलला, तर हसू येणारच. दोनशे वर्षांपूर्वी शिरच्छेद झालेला राक्षस, त्रिशूळाच्या पहाऱ्यात पेटीत बंद केलेले त्याचे मुंडके आणि घराण्यातील स्त्रियांना बाळंतपणात मृत्यूचा शाप, हे सारे कागदावर आजीच्या गोष्टीपलीकडे जात नाही. पडद्यावर ते जड होते, ते सामरीच्या भूमिकेतील अनिरुद्ध अगरवाल यांच्या उंच्यापुऱ्या देहामुळे आणि त्यावर पडणाऱ्या उजेडामुळे.

रामसेंना भयपटांचा मार्ग प्रेक्षकांनीच दाखवला होता, असे म्हणतात. वडील एफ. यू. रामसे यांचा १९७०चा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला. पण त्यात राक्षसाचा मुखवटा घालून चोरी करणाऱ्या पृथ्वीराज कपूर यांचा प्रसंग लोकांनी उचलून धरला, हे मुलांनी चित्रपटगृहात बसून हेरले. त्यातून १९७२चा ‘दो गज जमीन के नीचे’ महाबळेश्वरला घरच्याच माणसांच्या बळावर तयार झाला.

मात्र सगळा दोष तबकडीच्या माथी मारणेही बरोबर नाही. जगदीप यांचा मच्छर सिंग, म्हणजे ‘शोले’चे विडंबन करणारे ते लांबलचक उपकथानक, मला कोणत्याही प्रतीत सोसवलेले नाही. आपल्याला ते आठवत नसेल, तर वाड्यातील कोणा जाणत्याने त्या रात्री बटण दाबून कॅसेट पुढे पळवली असावी, असा माझा कयास आहे. कारण एका रात्रीत तीन कॅसेटी संपवायच्या, तर काहीतरी गाळावेच लागे. तेव्हा आपल्या आठवणीतला ‘पुराना मंदिर’ हा मुळातच रामसेंच्या चित्रपटापेक्षा आटोपशीर असणार. वयाचा यात फारसा संबंध दिसत नाही.

मोंडो मकाब्रो या परदेशी वितरकाने रामसेंचे सहा चित्रपट २०२३ साली ब्ल्यू-रेवर आणले असून त्यांत हाही आहे. मागवण्यापूर्वी विभाग तपासावा. ब्ल्यू-रेसाठी केलेल्या जगाच्या वाटणीत अमेरिका ‘ए’ विभागात आणि भारत ‘सी’ विभागात येतो, त्यामुळे ‘ए’पुरती मर्यादित तबकडी इथल्या साध्या प्लेअरवर चालणार नाही. इथे चालणारी तबकडी मिळाली, तर मुलाला पुन्हा बसवावे, मात्र खोलीतले दिवे मालवून.

प्रश्न : माळ्यावर याच चित्रपटाची कॅसेट सापडली आहे. फितीच्या कडेला पांढरे ठिपके आहेत. ती लावून पाहावी का?
– एक वाचिका, नाशिक रोड

उत्तर : कृपया लावू नये. ती बुरशी आहे. कॅसेट फिरवली, की बुरशी व्हीसीआरच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, बसते आणि तेथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. नव्या व्हीसीआरचे उत्पादन २०१६ साली थांबले असल्याने असलेले यंत्र जपणे अगत्याचे आहे. कॅसेट इतर कॅसेटींपासून वेगळी, कोरड्या डब्यात, उभी ठेवावी आणि फितींची सफाई जाणणाऱ्या माणसाकडेच द्यावी. चित्रपट पाहणे एवढाच हेतू असेल, तर हा खर्च करू नये. वेष्टनावर आपल्या व्हिडिओ लायब्ररीचा शिक्का असेल, तर गोष्ट वेगळी.