तुमचे प्रश्न: फ्रंट लाइन नक्की कुठे असते?

मागच्या अंकात बायकांनी लढाईत उतरावं का यावर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा नुसता ढीग पडलाय. निम्मी चिडलेली आहेत, दोन-तीन तर माझ्यावरच. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून चार निवडलीत.

प्रश्न: ताई, बायकांनी आर्मीत जायला माझा अजिबात विरोध नाही. डॉक्टर, सिग्नल, इंजिनिअर सगळं करू देत. फक्त समोरासमोर गोळीबार होतो तिथे नको, एवढंच माझं म्हणणं. तर मुलगी म्हणते बाबा तुम्ही जुनाट. यात जुनाट काय आहे?

दादा, तुमच्या डोक्यातला युद्धाचा नकाशा मात्र जुना आहे. पुढे लढणारे, मागे मदत करणारे आणि मधे एक रेघ, म्हणजे फ्रंट लाइन, असं आपण धरून चालतो, आणि ती रेघ कधीच पुसली गेलीय. अमेरिकेत १९९४ पासून नियम होता की जमिनीवर थेट लढणाऱ्या तुकड्यांत बायकांची नेमणूक करायची नाही. आता ऐका. ली ॲन हेस्टर ही मिलिटरी पोलिसमधली सार्जंट, तिचं काम काय तर इराकमध्ये सामान नेणाऱ्या ट्रकच्या ताफ्याला संरक्षण द्यायचं. मार्च २००५ मध्ये ताफ्यावर हल्ला झाला, तेव्हा ही बाई चरात उतरून रायफल आणि ग्रेनेड घेऊन लढली आणि तिला सिल्व्हर स्टार हे शौर्यपदक मिळालं. नियमाच्या हिशोबाने ती लढणाऱ्या तुकडीत नव्हतीच!

अफगाणिस्तानात तर अजून गंमत. घराची झडती घ्यायची तर आतल्या बायकांशी बोलायला बाई सैनिकच लागायची, मग तिला इन्फंट्रीसोबत, म्हणजे पायदळासोबत पाठवायचे, फक्त कागदावर ‘नेमणूक’ न म्हणता ‘तात्पुरती जोडली’ म्हणायचे. म्हणजे गोळी खायला बंदी नव्हती, बंदी होती ती नोंदीला, आणि नोंद नाही म्हटल्यावर प्रमोशनच्या वेळी लढाऊ तुकडीतला अनुभव कुठून दाखवणार, कारण वरच्या खुर्च्या बहुतेक तिथूनच आलेल्यांना मिळतात. शेवटी २०१३ मध्ये संरक्षणमंत्री लिऑन पॅनेटा यांनी तो नियम काढला आणि २०१६ पासून सगळ्या जागा खुल्या झाल्या. ब्रिटनला २०१८ उजाडलं. कॅनडाने पाणबुड्या सोडून बाकी सगळं १९८९ मध्येच उघडलं होतं. भारतात एअर फोर्सला २०१६ मध्ये पहिल्या तीन फायटर पायलट मिळाल्या, आर्टिलरीत, म्हणजे तोफखान्यात २०२३ पासून महिला ऑफिसर आहेत, इन्फंट्री आणि रणगाडे मात्र अजून बंदच.

तर तुमची मुलगी बोलली जरा फटकळ, पण चुकीचं नाही बोलली.

प्रश्न: मी स्वतः फिटनेस ट्रेनर आहे आणि बाई आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. वरच्या अंगाची ताकद बायकांची सरासरीने बरीच कमी असते, कितीही घाम गाळा. मग काय, बायकांसाठी स्टँडर्ड खाली आणणार? जखमी माणसाला ओढून आणायचं असेल तर त्याचं वजन थोडंच कमी होणारे?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण यात पळवाट नाही. तुमचं म्हणणं खरंच आहे. यूएस मरीन्स या अमेरिकेच्या लढाऊ दलाने मोठी चाचणी घेतली होती, तिचे निकाल २०१५ मध्ये आले, १३४ कामांपैकी ९३ मध्ये फक्त पुरुष असलेल्या तुकड्या मिश्र तुकड्यांपेक्षा सरस ठरल्या आणि बायकांना दुखापतीही जास्त झाल्या. बायकांच्या बाजूने बोलणारे हे आकडे टाळतात, मला ते पटत नाही. पण त्यावर जो आक्षेप आला तोही दमदार आहे, की त्या बायका आधी कामाच्या कसोटीवर निवडलेल्याच नव्हत्या, म्हणजे तुम्ही सरासरी मोजली, आणि लढायला सरासरी जात नाही, एकेक माणूस जातो.

त्याच वर्षीचं रेंजर स्कूलचं, म्हणजे अमेरिकन आर्मीच्या अतिशय खडतर ट्रेनिंगचं उदाहरण घ्या. ३८१ पुरुष आणि १९ बायकांनी सुरुवात केली, ऑगस्टमध्ये पास झाले ९४ पुरुष आणि २ बायका, क्रिस्टन ग्रीस्ट आणि शे हेवर. बायका फक्त दोन म्हणून कोणी हसेल, पण पावणेतीनशेच्या वर पुरुषही त्या पासआउटला नव्हते, आणि त्यांच्यावरून कोणी पुरुषजातीबद्दल निष्कर्ष काढला नाही. पुढे हीच ग्रीस्ट इन्फंट्री ऑफिसर झाली, आणि फिटनेस टेस्टमध्ये बायकांसाठी वेगळे मार्क ठेवायची चर्चा सुरू झाली तेव्हा २०२१ मध्ये हिनेच जाहीर लेख लिहून विरोध केला, कारण मार्क कमी केले की ज्या खऱ्या मेहनतीने आल्यात त्यांच्याकडेही लोक संशयाने बघतात. मी पूर्णपणे तिच्या बाजूची आहे. त्या कामाला जेवढी ताकद लागते तेवढी मागा, एक किलो कमी नाही, पण उगाच एक किलो जास्तही नाही. मग इन्फंट्रीत बायका थोड्याच येतील. येऊ देत की थोड्या.

दुखापतींचं मात्र थोडं वेगळं बघायला हवं. बुलेटप्रूफ जॅकेट, पाठीवरची बॅग सगळं कित्येक वर्षं पुरुषांच्या मापाचं. खास बायकांच्या अंगाला बसेल असं जॅकेट अमेरिकन आर्मीत यायला २०१२-१३ उजाडलं. तुम्ही तुमच्या क्लासमधल्या बाईला दोन साइज मोठे बूट घालून पळवाल का?

प्रश्न: शत्रूच्या हाती सापडली तर? हा विचार कोणी का करत नाही?

करतात, आणि जिच्यावर वेळ आली तिनेच केलाय. १९९१ च्या आखाती युद्धात ऱ्होंडा कॉर्नम ही अमेरिकन आर्मीची डॉक्टर होती, हेलिकॉप्टर पडलं, दोन्ही हात मोडले, खांद्यात गोळी, इराकी सैनिकांनी पकडलं आणि त्या अवस्थेत तिच्यावर लैंगिक अत्याचारही झाला. परत आल्यावर तिचं म्हणणं असं की बाकी जे सोसलं त्यापुढे तिने हे फार मोठं मानलं नाही आणि यावरून बायकांना लढाईपासून दूर ठेवू नका. आणि लक्षात घ्या, ती डॉक्टर होती, म्हणजे तुमच्या हिशोबाने ‘सेफ’ कामावर. मला विचाराल तर शत्रूपेक्षा आपल्याच बॅरेकमधल्या माणसांकडून होणारा त्रास हा जास्त रोजचा प्रश्न आहे, त्यावर एकाही पत्रात एक ओळ नाही, याचं नवल वाटलं.

प्रश्न: रशियन बायका दुसऱ्या महायुद्धात लढल्याच होत्या, मग अजून वाद कसला?

बरोबर, मरीना रास्कोवा या सोव्हिएत वैमानिक बाईने बायकांच्या तीन एअर रेजिमेंट उभ्या केल्या, त्यातली एक लाकूड आणि कापडाच्या विमानांतून रात्री बॉम्ब टाकायची. ल्युदमिला पावलिचेंकोच्या नावावर स्नायपर म्हणून ३०९ जण टिपल्याची नोंद आहे. पण पुढचंही बघा ना. युद्ध संपल्यावर बहुतेकींना घरी पाठवलं. आफ्रिकेतल्या एरिट्रियाच्या स्वातंत्र्ययुद्धात साधारण एक तृतीयांश लढवय्या बायका होत्या, शांतता आल्यावर त्यातल्या कितीतरी जणींचे संसार मोडले, सासरच्यांना लढलेली सून नको होती. गरज असेल तोवर कोणीच वाद घालत नाही हो, वाद सुरू होतो तो गरज संपल्यावर.