बीपी 168/66 आणि नसांना ‘आतून सूज’ म्हणजे नेमकं काय?

तुमचे वडील 71 वर्षांचे, चिकोडीला असतात, बीपी 168/66. डॉक्टर म्हणाले, वयानं नसा कडक झाल्यात, आतून सूज आहे. अंगावर सूज कुठंच दिसत नाही, खालचं बीपी तर कमीच आहे, मग सूज उतरायची गोळी दिली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

ती गोळी तेवढी देऊ नका. निपाणीत माझं औषधाचं दुकान आहे. ‘सूज’ ऐकलं की माणसं सरळ डायक्लोफेनॅकची पट्टी मागतात, गुडघेदुखीसाठी घरात ती असतेच. त्या गोळीनं अंगात मीठपाणी साठतं, बीपी चढतं, किडनीवर ताण येतो, बीपीच्या काही गोळ्यांचा असरही कमी होतो. डॉक्टर म्हणतात ती सूज वेगळी.

हृदयातून निघणारी मोठी धमनी तरुणपणी प्रत्येक ठोक्याला फुगते आणि दोन ठोक्यांच्या मध्ये आवळून रक्त पुढं ढकलते. हे ज्या लवचिक धाग्यांमुळं होतं ते इलास्टिनचे धागे लहानपणीच तयार होतात, मोठेपणी नवे जवळजवळ होत नाहीत. दिवसाला लाखभर ठोके, तेही सत्तर वर्षं. धागे तुटतात, त्यांच्या जागी ताठ कोलॅजन वाढतं, शुगर असेल तर ते आणखी चिकटून घट्ट होतं. उन्हात पडलेल्या जुन्या रबरी पाइपासारखी गत होते. नस फुगत नाही म्हणून वरचा आकडा चढतो आणि परत आवळत नाही म्हणून खालचा पडतो. तेव्हा 66 बघून ‘खालचं तरी बरं आहे’ असं समाधान मानू नका. हृदयाच्या स्नायूला स्वतःचं रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात, त्या खालच्या दाबावरच मिळतं. आणि वरचा दणका मेंदूच्या, किडनीच्या बारीक नसांवर बसतो.

आता सूज. म्हातारपणी थकलेल्या पेशी, पोटावरची चरबी, पू झालेल्या हिरड्या यांमुळं शरीराची प्रतिकारशक्ती कायम थोडी चेतलेली राहते. हीच ती आतली सूज. नसेच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, त्यानं नस सैल होते (या शोधाला 1998 चं नोबेल मिळालं). सततच्या सुजेनं ते कमी पडतं, अस्तरातून कोलेस्टेरॉल आत शिरतं, त्याला खायला पांढऱ्या पेशी जमतात आणि थर साचतो. हे नुसतं कागदावरचं नाही. 2017 मध्ये जाहीर झालेल्या एका मोठ्या चाचणीत, हार्ट अटॅक येऊन गेलेल्या लोकांना कॅनाकिनुमॅब हे सूज रोखणारं इंजेक्शन दिलं. कोलेस्टेरॉल खाली न येताही अटॅक-स्ट्रोक साधारण 15 टक्क्यांनी घटले. पण जीव घेणारे जंतुसंसर्ग वाढले. म्हणून ते सरसकट कुणाला देत नाहीत.

आपल्याकडं पहिली गोष्ट तंबाखू. ज्या निपाणीनं 1981 ला तंबाखूच्या भावासाठी हायवे अडवला, तिथं दुकानात बसून हे सांगणं जड जातं, तरी सांगतो. बिडीचा धूर अस्तर थेट जाळतो. आणि ‘मी ओढत नाही, नुसती मळून खातो’ किंवा ‘मिशरीच लावते’ यातही निकोटीन रक्तात जातंच, बीपी आणि ठोके वाढवतं. लोणचं-पापड कमी, रोज चालणं, हिरड्या दाखवून घेणं, हे सगळं खरंच उपयोगाचं आहे; ‘नसा साफ करणारी’ चूर्णं नाहीत. सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी) करायची असेल तर सर्दी-तापात करू नका, आकडा उगाच वाढलेला दिसेल.

बीपीची गोळी चालू राहू दे, पण डॉक्टरांना एक विचारा: वडिलांचं बीपी उभं करूनही मोजलंय का? कडक नसांच्या माणसाचं उठल्यावर एकदम उतरू शकतं. तीन मिनिटांत वरचं 20 किंवा खालचं 10 नं पडत असेल, तर गोळीचा डोस ठरवताना ते त्यांना माहीत हवं. नाहीतर रात्री लघवीला उठले की तोल जायचा.