ग्लेनईगल्सला राहावं का?

प्रश्न: लेक एडिंबरोत असते. जूनमध्ये तिच्याकडे जातोय. ह्यांना गोल्फ, मला स्पा. ग्लेनईगल्सला दोन रात्री राहावं का? – एक वाचक, पुणे

उत्तर: ताई, जरूर राहा. १९२४ पासूनचं हे हॉटेल स्कॉटलंडमधल्या ओकिल डोंगरांच्या कुशीत आहे. ग्लेनईगल्स नावाचं रेल्वे स्टेशनही जवळच आहे, त्यामुळे गाडी भाड्याने घ्यायला नको.

तिथे तीन मोठे गोल्फ कोर्स, म्हणजे खेळाची मैदानं, आहेत. २०१४चा रायडर कप, म्हणजे युरोप-अमेरिका संघांची गोल्फ स्पर्धा, त्यातल्या पीजीए सेंटेनरी कोर्सवर झाला, म्हणून सगळे तोच कोर्स मागतात. पण साठीपुढच्या माणसाने क्वीन्स हा कोर्स घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. तो आटोपशीर आहे आणि झाडीतून जातो. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे दुपारनंतर सुरुवात केली तरी चालतं. स्वेटर मात्र हाताशी ठेवा, वारा बोचतो.

स्पाची वेळ खोलीबरोबरच ठरवा. दुसऱ्या एका हॉटेलात मी ती आधी घेतली नाही आणि दोन दिवस नुसती झग्यात बसून राहिले. फार वाईट वाटलं होतं. पोहण्याचा तलाव भाड्यात धरलाय की मसाजबरोबरच मिळतो, तेही विचारून घ्या. गुडघे दुखत असतील तर मालिश करणारीला आधीच सांगा.