टाकोचा 'आफ्टर एट' ऐकण्यापूर्वी मूळ गाणी ऐकायलाच हवीत का?

डच गायक टाको याच्या 'आफ्टर एट' (१९८२) या पहिल्या अल्बमपूर्वी मूळ गाणी ऐकावीत का, आणि सिंथेसायझरवर चढवल्यावर त्या जुन्या गाण्यांत संगीत म्हणून काही उरते का, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो मला एके काळी भर तालमीत ऐकवला गेला होता. माझे उत्तर असे की उरते, आणि त्यातल्या 'पुटिंग ऑन द रिट्झ' या गाण्यात तर मुळातले अधिक स्पष्ट ऐकू येते.

मी तेव्हा एका वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवीत होतो. याच गाण्याची रचना मी सीक्वेन्सर (आधी भरून ठेवलेले सूर आपोआप वाजवणारे यंत्र) आणि ड्रम मशीन वापरून बसवली होती. पहिले कडवे संपण्याआधीच आमच्या संयोजकांनी ती थांबवली आणि सर्वांदेखत म्हणाले, "यंत्राला मोजता येतं, लय कळत नाही." मग तेच गाणे ड्रमवादकासह बसवण्यात आले. तो हाताचा तयार होता, आणि चांगल्या साथीदाराने करावे तेच त्याने केले: गायिकेच्या शब्दाचे वजन जिथे पडेल तिथे आपला आघात नेऊन ठेवला. गाणे सुरेख वाजले, पण त्यातली गंमत नाहीशी झाली.

मूळ गाण्याचे अमेरिकी रचनाकार अर्व्हिंग बर्लिन यांनी या चालीत चार मात्रांच्या सरळ ठेक्यावर शब्दांचे आघात मुद्दाम आगेमागे टाकले आहेत; ओळ समेला हुलकावणी देत पुढे जाते आणि शीर्षकाचे शब्द आले की नेमकी जागेवर येते. ही हुलकावणी जाणवायची असेल तर खालचा ठेका तसूभरही हलता कामा नये. टाकोच्या ध्वनिमुद्रणात तो हलत नाही, आणि मधल्या टॅप नृत्याच्या तुकड्यात तर बुटांचे आघात त्या स्थिर ठेक्याशी खेळताना स्वच्छ ऐकू येतात.

यंत्राविषयी तुच्छतेने बोलणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. बर्लिन यांना स्वरलेखन येत नव्हते. ते पियानोच्या मुख्यतः काळ्या पट्ट्यांवरच वाजवीत आणि गाण्याचा आधारस्वर बदलण्यासाठी दांडा सरकवून चालणारा खास पियानो वापरीत. स्वतः रचनाकाराला यंत्राची मदत घेण्यात कमीपणा वाटला नाही. हे मी संयोजकांना त्याच दिवशी सांगायला हवे होते. १९८३ मध्ये टाकोचे हे गाणे अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत चौथ्या क्रमांकावर पोहोचले, तेव्हा बर्लिन ९५ वर्षांचे होते.

मात्र सगळा अल्बम मला पटतो असे नाही. त्यातले 'ला व्ही आं रोज' हे गाणे फ्रेंच गायिका एदित पियाफ यांच्या गळ्यात श्वासाबरोबर सैलावते आणि आवळते. तिथे ठाम ठेका जाचक वाटतो, आणि एवढ्यापुरते संयोजकांचे म्हणणे मी मान्य करतो. 'रिट्झ'च्या मूळ चित्रफितीत कृष्णवर्णीयांची नक्कल म्हणून चेहरे काळे रंगवलेले नर्तक आहेत, ते मला अजिबात मान्य नाही.

राहिला क्रमाचा प्रश्न. निदान 'रिट्झ'पुरते तरी आधी टाको ऐकावा आणि मग १९४६ च्या 'ब्लू स्कायज' चित्रपटातले नट-नर्तक फ्रेड अस्टेअर, कारण टाको गातो ते शब्द त्या चित्रपटासाठी बदललेले आहेत; आधीच्या शब्दांत हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीचे वर्णन होते. दोन्ही वेळा बोटाने टेबलावर चार मात्रा धराव्यात आणि शब्दांच्या ओढीने बोट घसरू देऊ नये.